गाण्याच्या वर्गाला कोण येत नाही, तिथून सुरुवात करा

प्रश्न थोडक्यात असा आहे: "मी मूळची रत्नागिरीची. तीन महिन्यांपूर्वी इंग्लंडच्या वायव्य किनाऱ्यावरच्या एका गावात जीपी म्हणजे फॅमिली डॉक्टरांच्या दवाखान्यांसाठी लिंक वर्कर (रुग्णांना औषधापलीकडच्या स्थानिक आधाराशी जोडून देणारी) म्हणून रुजू झाले. आमच्या टीमला सामुदायिक कलेसाठी दोन वर्षांचा निधी मिळाला आहे. अर्जात 'आरोग्य विषमता कमी करणे' असं उद्दिष्ट लिहिलंय. गाणं, चित्रं, विणकाम यांनी ती खरंच कमी होते का? आणि सुरुवात कुठून करू?"

ताई, मी मूळची वेंगुर्ल्याची. गेली एकोणीस वर्षं लँकेशरच्या किनाऱ्यावर गाण्याचे आणि हस्तकलेचे गट चालवते. तुमच्या प्रश्नात दोन प्रश्न एकमेकांत मिसळले आहेत, ते आधी सोडवून घेऊ. कलेनं माणसाची तब्येत सुधारते का? बऱ्याच जणांची सुधारते, आणि त्याला बऱ्यापैकी पुरावाही आहे. कलेनं विषमता कमी होते का? आपोआप तर मुळीच होत नाही. निष्काळजीपणे चालवलेला गट विषमता वाढवतोसुद्धा. माझ्या पहिल्या गटानं बहुधा तेच केलं. ते पुढे सांगते.

आधी तुम्ही कुठल्या गावात आला आहात ते समजून घ्या. 2021 मध्ये इंग्लंडचे मुख्य वैद्यकीय अधिकारी ख्रिस व्हिटी यांनी आपला वार्षिक अहवाल पूर्णपणे किनाऱ्यावरच्या वस्त्यांच्या आरोग्यावर काढला. इथल्या लोकांचं आयुर्मान कमी आहे, मोठ्या आजारांचं प्रमाण जास्त आहे आणि देशाचं लक्ष मात्र मोठ्या शहरांकडे असतं, असं त्यात स्वच्छ लिहिलंय. लँकेशरच्या किनाऱ्यावरच्या ब्लॅकपूलचं उदाहरण घ्या. 2018 ते 2020 या काळातल्या आकड्यांनुसार तिथल्या पुरुषांचं आयुर्मान 74.1 वर्षं होतं. संपूर्ण इंग्लंडचं 79.4 आणि लंडनमधल्या वेस्टमिन्स्टरचं 84.7. एकाच देशात दहा वर्षांहून जास्त फरक. इंग्लंडच्या 2019 च्या वंचिततेच्या निर्देशांकात सगळ्यात वंचित दहा वस्त्यांपैकी आठ एकट्या ब्लॅकपूलमध्ये होत्या, आणि सगळ्यात जास्त वंचित होती पूर्व किनाऱ्यावरची जेविक. व्हिटींच्या अहवालात आणखी एक आकडा आहे: किनाऱ्यावर रुग्णांच्या मानानं कन्सल्टंट डॉक्टर 15 टक्क्यांनी आणि परिचारिका 7.4 टक्क्यांनी कमी. वेल्समधल्या एका खाणगावात डॉक्टरकी केलेले ज्युलियन ट्यूडर हार्ट यांनी 1971 मध्ये मांडलं होतं की जिथे वैद्यकीय सेवेची गरज जास्त, तिथे ती कमी मिळते. ते पाहायला तुम्हाला पुस्तक उघडावं लागणार नाही, दवाखान्याच्या वेटिंग रूममध्ये एक सकाळ बसलात तरी पुरे. अशा नकोशा वाटणाऱ्या जागांवर वर्षानुवर्षं भारतातून आलेल्या डॉक्टरांनी दवाखाने चालवले, हेही लक्षात ठेवा. तुमचं नाव ऐकून एखादे आजोबा त्यांच्या जुन्या भारतीय डॉक्टरची आठवण काढतील. ती ओळख वापरा, ती खरी आहे.

हे असं का झालं, हे कळल्याशिवाय कला कुठे लावायची ते कळत नाही. पूर्वी लँकेशरच्या कापडगिरण्या वर्षातून एक आठवडा बंद ठेवत, एकेका गावाचा आठवडा ठरलेला असे, आणि अख्खं गाव आगगाडीनं ब्लॅकपूलला येई. 1894 मध्ये टॉवर उभा राहिला, समुद्रात शिरणारे तीन पिअर (धक्के) झाले, नाट्यगृहं झाली, आणि गल्लोगल्ली पाहुण्यांना खोल्या देणारी बोर्डिंग हाउसं झाली. पुढे गिरण्या गेल्या आणि स्वस्त विमानानं स्पेनला जाणं परवडू लागलं. पाहुणे आटले, पण खोल्या होत्याच. मालकांनी त्याच खोल्यांची एकेका माणसाची बिऱ्हाडं केली: एक पलंग, एक बेसिन, कोपऱ्यात छोटी शेगडी, भिंतीला ओल. भाडं कमी, त्यामुळे देशभरातून तिथे कोण येतं? घटस्फोट झालेला, नोकरी गेलेली, तुरुंगातून सुटलेला, घरच्यांशी फाटलेला. मी शेकडो जणांना विचारलं आहे, "इथेच का आलात?" सगळ्यात जास्त वेळा ऐकलेलं उत्तर एकच: लहानपणी आईवडिलांबरोबर सुट्टीला आलो होतो, तेव्हा आम्ही सुखी होतो.

हे वाक्य नीट ऐका. माणूस वाईट दिवसांत आपल्या सुखाच्या जागी परत येतो आणि तिथे त्याला ओळखणारं कुणीच नसतं. ऑक्टोबरनंतर हंगामी काम संपतं, वारा सुटतो, चार वाजता अंधार पडतो. दम्याचा, सीओपीडीचा (फुप्फुसांच्या जुनाट, धाप लावणाऱ्या रोगाचा), दारूचा, नैराश्याचा आजार अशा खोलीत वाढतो. डॉक्टर त्या खोलीत पोचत नाही. कला पोचू शकते, पण तिला मुद्दाम पोचवावी लागते.

आता पुराव्याचं सांगते, कारण निधी देणारे विचारतीलच. जागतिक आरोग्य संघटनेनं 2019 मध्ये डेझी फॅनकोर्ट आणि सिअर्शा फिन यांचा आढावा छापला. कला आणि आरोग्य या विषयावरची तीन हजारांहून जास्त संशोधनं त्यात पाहिली आहेत. आपल्या कामाच्या सगळ्यात जवळचा मला वाटतो तो पूर्व केंटमधला प्रयोग, 2015 मध्ये प्रसिद्ध झालेला. साठीपुढची 258 माणसं, चिठ्ठ्या टाकाव्यात तशी दोन गटांत वाटलेली. एका गटानं चौदा आठवडे, दर आठवड्याला दीड तास एकत्र गाणं म्हटलं, दुसऱ्याचा दिनक्रम नेहमीचाच राहिला. गाणाऱ्यांचं मानसिक आरोग्य सरस निघालं आणि वर्ग संपून तीन महिने झाल्यावरही फरक शिल्लक होता. श्वासाच्या आजारांसाठी गाण्याचे जे वर्ग चालतात, त्यांच्याबद्दल मात्र जपून बोला. सीओपीडीनं खराब झालेलं फुप्फुस गाण्यानं दुरुस्त होत नाही. लांब उच्छ्वास, ताठ बसणं, धाप लागली तरी न घाबरता श्वास हाताळणं हे माणूस शिकतो, आणि जिना चढायची भीती कमी होते. एवढंही फार आहे. त्याहून जास्त कबूल करू नका.

आणखी एक संशोधन तुमच्या टेबलावर नक्की येईल. पन्नाशीपुढच्या 6710 इंग्लिश माणसांचा चौदा वर्षं मागोवा घेतला. संग्रहालयं, नाटकं, मैफली यांना दर काही महिन्यांनी जाणाऱ्यांमध्ये मृत्यूचा धोका 31 टक्क्यांनी कमी दिसला. शिक्षण, पैसा, आजारपण हे सगळं हिशेबात धरूनच हा आकडा निघाला. तरी ते निरीक्षण आहे, प्रयोग नव्हे. मला त्यात वेगळीच गोष्ट दिसते: नाटकाला जाणारे कोण होते? जास्त शिकलेले, जास्त पैसेवाले. म्हणजे कलेचा जो काही फायदा आहे, तो आज ज्यांच्याकडे आधीच जास्त आहे त्यांच्याच पदरात पडतोय.

माझ्या पहिल्या गटाची गोष्ट हीच. ग्रंथालयात मंगळवारी सकाळी अकराला समूहगान सुरू केलं, प्रवेश फुकट, दारावर छानसं पोस्टर. सहा आठवड्यांत चाळीस जण. सगळे खूश, मीही खूश. मानसिक स्वास्थ्याची ती चौदा प्रश्नांची प्रश्नावली भरून घेतली, सरासरी वर गेली, अहवाल सुंदर झाला. मग एका सहकाऱ्यानं सहज म्हणून सगळ्यांचे पोस्टकोड (इथले पिनकोड, एकेका गल्लीपुरते) नकाशावर टाकले. चाळीसपैकी एकतीस जण गावाबाहेरच्या बंगल्यांच्या वस्तीतले निघाले. निवृत्त शिक्षिका, बँकेतले अधिकारी, स्वतःची गाडी असलेले. स्टेशनमागच्या बोर्डिंग हाउसांच्या गल्ल्यांमधून दोघंच आले होते आणि त्यातला एक तिसऱ्या आठवड्यानंतर आला नव्हता. आलेल्या माणसांना वाईट म्हणायचं नाही, त्यांनाही एकटेपण होतंच. पण विषमता म्हणजे दोन टोकांमधलं अंतर, आणि मी वरचं टोक आणखी वर उचललं होतं. सार्वजनिक पैशानं. त्या रात्री मला झोप लागली नाही.

म्हणून तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर: पहिल्या महिन्यात एकही वर्ग सुरू करू नका. यादी करा. तुमच्या दवाखान्यातली अशी दहा माणसं शोधा, जी वारंवार येतात, औषधानं ज्यांचं भागत नाही आणि जी पोस्टर वाचून कधीच येणार नाहीत. प्रत्येकाला त्याच्या जागी जाऊन भेटा. "तुम्हाला कुठली कला आवडते?" असं विचारू नका, तो प्रश्न शाळेतल्या अपमानाची आठवण काढतो. "हातानं काय करायचात?" असं विचारा. एकानं मला सांगितलं, "काही नाही, मी फक्त केक सजवायचो." बावीस वर्षं हॉटेलच्या बेकरीत होता तो. एक बाई हंगामात नर्तकींचे पोशाख शिवायची, मण्यांचं काम हजारो तास केलेली. इथल्या गावांत नाच, जादू, विदूषकी, रोषणाई, पाट्या रंगवणं ही माणसांची पोटापाण्याची कामं होती. ब्लॅकपूलच्या रस्त्यावरचे दिवे 1879 पासूनचे. कला या गावात बाहेरून आणायची गरज नाही, ती खोल्यांमध्ये निवृत्त होऊन बसली आहे.

मग खोली. ग्रंथालय, गॅलरी, चर्चचा मुख्य हॉल यांच्या पायऱ्या काही माणसांना चढवत नाहीत, आणि मी गुडघ्यांबद्दल बोलत नाही. आमचा सगळ्यात टिकलेला गट एका बंद पडलेल्या कॅफेत चालतो. काचेतून आत काय चाललंय ते दिसतं, त्यामुळे माणूस तीन वेळा समोरून जातो आणि चौथ्यांदा आत येतो. हे तीनदा जाणं मी मोजत असे.

बसभाडं द्या. रोख द्या, दारातच द्या, पावती आणा, पैसे नंतर देतो असं म्हणू नका. ज्याच्या खिशात शुक्रवारपर्यंत चार पौंड आहेत, त्याला नंतर चालत नाही. गरम काहीतरी खायला ठेवा, बिस्किटं नव्हे, सूप आणि ब्रेड. सूपचा खर्च 'आदरातिथ्य' या खात्यात टाकला की लेखापाल कापतात, म्हणून मी तो 'सहभागाचा खर्च' म्हणून पहिल्या अर्जापासून लिहिते, कलाकाराच्या मानधनाच्या शेजारच्या ओळीत. तो तितकाच महत्त्वाचा आहे.

वेळ ठरवताना जॉब सेंटरच्या (सरकारी रोजगार कार्यालयाच्या) वेळा विचारून घ्या. युनिव्हर्सल क्रेडिट या सरकारी भत्त्यावर असलेल्या माणसाची तिथली भेट चुकली तर पैसे कापले जाऊ शकतात. तुमच्या गाण्यासाठी तो धोका कुणी पत्करू नये. आणि वर्ष नोव्हेंबरपासून धरा. निधीची वर्षं एप्रिलला सुरू होतात म्हणून सगळे उन्हाळ्यात कार्यक्रम करतात, तेव्हा निम्मी माणसं हंगामी कामावर असतात. खोली खायला उठते ती नोव्हेंबर ते मार्चमध्ये.

आता ज्याला मी कामाचा गाभा मानते ते. तुम्हाला आपल्याकडची भजनी मंडळं आठवतात ना? गुरुवारी पेटीवाला आला नाही तर भजन संपल्यावर कुणीतरी त्याच्या दारात जातं. "काय रे, आला नाहीस?" ताप असतो, किंवा सुनेशी भांडण, किंवा काहीच नाही. पण कुणीतरी जातं. माझ्या आजोबांना छातीत दुखत होतं ते घरच्यांना कळण्याआधी त्यांच्या टाळकऱ्याला कळलं, कारण अभंगाचं शेवटचं कडवं त्यांना ओढवेना. आरोग्यसेवेच्या भाषेत याला काहीही म्हणा, माझ्या अनुभवात गटाचा निम्मा परिणाम इथून येतो: तुमची गैरहजेरी कुणाच्या तरी लक्षात येते. त्यासाठी प्रत्येकाकडे असं काम हवं की तो नसला तर अडेल. प्रेक्षकावाचून अडत नाही, खर्जातल्या एकुलत्या एका आवाजावाचून अडतं. कंदिलांच्या मिरवणुकीत बांबूच्या कामट्या वाकवणाऱ्यावाचून अडतं. लँकेशरच्याच किनाऱ्यावर, मोरकँबच्या वेस्ट एंड भागात मोअर म्युझिक ही संस्था 1993 पासून त्याच वस्तीत पाय रोवून आहे. तीस वर्षांत तिथल्या लोकांना ती कळली आहे, आणि हे टिकून राहणं मला कुठल्याही एका कार्यक्रमापेक्षा मोठं वाटतं. ब्लॅकपूल आणि वायर भागात लेफ्टकोस्ट या कलासंस्थेनं कलाकारांना थेट वसाहतींमध्ये नेलं. दक्षिण किनाऱ्यावरच्या हेस्टिंग्जची प्रोजेक्ट आर्ट वर्क्स ही संस्था गुंतागुंतीच्या आधाराची गरज असलेल्या माणसांबरोबर काम करते आणि 2021 मध्ये ती टर्नर पुरस्काराच्या, म्हणजे ब्रिटनमधल्या समकालीन कलेच्या मोठ्या पुरस्काराच्या, अंतिम यादीत होती. त्या नामांकनाचा मला एवढ्यासाठी आनंद झाला की 'थेरपीतलं काम' आणि 'खरी कला' ही भिंत कुणीतरी वरून पाडली. काम सुंदर झालंच पाहिजे. गरिबांसाठी आहे म्हणून स्वस्त रंग आणि फाटके कागद दिलेत, तर तुम्ही काय समजता ते त्यांना लगेच कळतं.

कलेकडून काय होणार नाही, हेही निधी देणाऱ्यांना आधीच सांगा. खोलीच्या भिंतीतली बुरशी समूहगानानं जात नाही. आरोग्य विषमतेचे अभ्यासक मायकेल मार्मट यांनी 2010 च्या आपल्या अहवालात आणि पुन्हा 2020 मध्ये दाखवून दिलं की आरोग्यातली दरी घर, काम, उत्पन्न आणि बालपण यांतून तयार होते. त्या मानानं आपण फार लहान आहोत. पण एक गोष्ट मी पाहिली आहे. विणकामाच्या गटात एकदा सात जणांनी आपापल्या खोलीच्या भिंतीचा रंग लोकरीत विणायचं ठरवलं. सातपैकी पाच चौकोनांत काळे-हिरवे डाग होते, आणि त्यातले तिघं एकाच मालकाचे भाडेकरू निघाले. तोवर प्रत्येकाला वाटत होतं की ओल आपल्याच चुकीनं येते, आपण खिडकी उघडत नाही म्हणून. पुढच्या महिन्यात ते तिघं मिळून कौन्सिलच्या गृहनिर्माण अधिकाऱ्याकडे गेले, विणलेले चौकोन घेऊन. दोन खोल्यांची दुरुस्ती झाली. तिसऱ्या भाडेकरूला घर सोडावं लागलं, आणि त्याच्यासाठी दुसरी खोली मिळेपर्यंत सहा आठवडे आम्ही सगळे बेचैन होतो. म्हणून माणसं बोलू लागण्याआधी घरांबद्दल सल्ला देणाऱ्या एखाद्या जाणकाराशी संधान बांधून ठेवा. आमच्या कॅफेत आता दर पंधरा दिवसांनी एक सल्लागार सूप प्यायला येतो. एक परिचारिकाही येते, रक्तदाबाचं यंत्र पिशवीत ठेवून. दवाखान्याचं पत्र तीन वेळा न उघडता फेकणारा माणूस, शेजारी बसून लोकर गुंडाळणाऱ्या बाईपुढे बाही वर करतो.

मोठ्या कलादालनांबद्दल तुम्ही विचारलं नाही, पण कुणीतरी केंटच्या किनाऱ्यावरच्या मार्गेटचं उदाहरण देईलच. 2011 मध्ये तिथे टर्नर कंटेम्पररी हे कलादालन उघडलं. चित्रकार टर्नर जिथे बोर्डिंग हाउसमध्ये उतरायचा, त्याच जागेवर. लोक आले, कॅफे आले, लंडनचे कलाकार राहायला आले, गावाची मान उंचावली, हे सगळं खरं. भाडीही चढली. गावाची सरासरी सुधारली की पाहा, खालची माणसं सुधारली की निघून गेली. आकड्यांत दोन्ही सारखंच दिसतं.

आणि कॅमेऱ्याबद्दल सावध राहा. 2018 मध्ये अमेरिकेतल्या एका निवडणूक प्रचारात जेविकचा जुना फोटो 'असं होऊ देऊ नका' अशा अर्थानं वापरला गेला. तिथल्या रहिवाशांना काय वाटलं असेल याचा विचार करा. किनाऱ्यावरच्या गरीब गावांत छायाचित्रकार येतात, तुटक्या खिडक्या टिपतात आणि जातात. तुमच्या प्रकल्पाचा अहवाल छापताना प्रत्येक फोटो त्या माणसाला दाखवा, आणि नको म्हणाला तर काढून टाका, कितीही चांगला आला असला तरी.

मोजमापाचं एवढंच सांगते: सरासरी मागतील ती द्या, पण स्वतःसाठी दुसरी वही ठेवा. तिच्यात तीन गोष्टी लिहा. आलेल्यांपैकी सगळ्यात वंचित वीस टक्के वस्त्यांमधल्या पोस्टकोडचे किती. सहा महिन्यांनंतरही त्यातले किती टिकले. आणि सोडून गेलेल्या प्रत्येकाला कोण भेटायला गेलं, त्यानं काय सांगितलं. एकाच खोलीत न टिकणाऱ्या माणसाचा पोस्टकोड वर्षात तीनदा बदलतो, म्हणून दर तिमाहीला पुन्हा विचारा. माझा दुसरा गट अठरा जणांवर कधी गेला नाही. वरिष्ठांनी दोनदा विचारलं की चाळीसवरून अठरा ही घसरण नाही का. मी नकाशा पुढे ठेवला. अठरापैकी चौदा जण स्टेशनमागचे होते.

तुमचा निधी दोन वर्षांचा आहे ही माझी खरी काळजी. ज्या माणसाला आयुष्यात सगळे सोडून गेले, त्याच्यासमोर दोन वर्षांनी तुम्हीही दार बंद कराल. म्हणून पहिल्याच वर्षी गटातल्या दोघांना पैसे देऊन सहायक नेमा, कॅफेची किल्ली त्यांच्याकडे द्या आणि निधीचा अर्ज भरायला शिकवा. केक सजवणारे आमचे गृहस्थ आता सोमवारचा गट एकटेच चालवतात. त्यांची धाप गेलेली नाही, इन्हेलर खिशात असतोच. गेल्या हिवाळ्यात ते एकदाही इस्पितळात भरती झाले नाहीत, त्याआधीच्या हिवाळ्यात तीनदा झाले होते. हे गाण्यामुळे, सूपमुळे, फ्लूच्या लशीमुळे की नव्या खोलीमुळे, हे मला वेगळं काढता येत नाही, आणि अहवालात मी तसंच लिहिलं आहे.

तुमची दहा जणांची यादी झाली की मला लिहा. नावं नकोत, फक्त कोण कुठल्या गल्लीत राहतं आणि हातानं काय करायचं. मग खोली कुठे घ्यायची ते ठरवू. सप्टेंबर उजाडायच्या आत झालं तर नोव्हेंबरला दार उघडता येईल.